मोठ्या वयाच्या बायकांच्या क्लासमध्ये त्रास झाला तर तुमच्याकडं काय करतात? (सातारा-सांगली)

शाहूनगरी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितेय, पण पूर्ण वाचा आणि ज्यांना अनुभव आहे त्यांनी मोकळेपणानं सांगा.

साताऱ्यात आमचं एक छोटं मंडळ आहे. संध्याकाळी कॉम्प्युटरचा क्लास चालवतो आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी देणाऱ्या बायकांना गणित-इंग्रजी शिकवतो. येणाऱ्या बायका पंचविशीपासून साठीपर्यंतच्या. कुणी करंज्यातनं चालत येतात, कुणी कोरेगावकडनं एसटीनं. सासूला काय सांगून यायचं, पोरांचं जेवण कधी आटपायचं, परतीची गाडी कुठली, हे सगळं जुळवून त्या इथं पोचतात, तेव्हा कुठं दीड तास त्यांच्या वाट्याला येतो.

आमच्याकडं बाहेरून शिकवायला येणाऱ्या एकांनी एका ताईला रात्री मेसेज करायला सुरुवात केली. आधी गुड नाईट, मग "आज साडी छान होती", मग "डाउट असतील तर क्लास सुटल्यावर थांबा, एकटीला नीट समजावतो". वर्गात माऊस शिकवताना तिच्या हातावर हात ठेवायचे आणि काढायचे नाहीत. तिनं कुणाला सांगितलं नाही, नुसती मागच्या बाकावर जाऊन बसायला लागली, मग एक दिवसाआड यायला लागली. शेजारी बसणाऱ्या बाईंच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी तिला घेऊन माझ्याकडं आणलं. तिचं पहिलं वाक्य काय होतं माहितीये का, "ताई, काही करा पण घरी कळू देऊ नका, कळलं तर माझा क्लास बंद होईल".

मंडळात विषय काढला तर एका ज्येष्ठ सदस्यांनी लगेच सुचवलं की तिला सकाळच्या बॅचला टाका म्हणजे प्रश्न मिटला. मी म्हटलं, तिला का हलवायचं? सकाळी ती कामाला जाते, सकाळची बॅच म्हणजे तिच्यासाठी क्लास संपलाच की. बरीच वादावादी झाली, शेवटी त्या सरांना त्या बॅचवरनं काढलं आणि तिची संध्याकाळ जशी होती तशी ठेवली. पण हे मी भांडले म्हणून झालं. उद्या मी नसले तर? त्यामुळं लेखी नियम करायचाय. शाळा-कॉलेजचं पोरींच्या बाबतीत जे असतं ते इथं जसंच्या तसं चालत नाही, कारण इथं पालकांना बोलवून घ्या म्हणायची सोय नाही, उलट घरचे म्हणजेच धोका अशी परिस्थिती. तुमच्याकडं अभ्यासिका, टायपिंग, शिवणक्लास, ड्रायव्हिंग स्कूल, काहीही असू दे, काय व्यवस्था आहे ते सांगा.

(ताईची ओळख पटेल असं काही लिहिलेलं नाही, तिला विचारूनच टाकतेय. कृपया कोण, कुठला क्लास असं विचारू नका.)

हळदीचं_गाव

सांगलीतनं लिहितेय. ताई तुमचं वाचून अंगावर काटा आला कारण माझंही असंच काहीसं, पण ड्रायव्हिंग क्लासमधलं. गिअर शिकवायच्या नावाखाली माझ्या हातावर हात, आणि गाडी मुद्दाम मिरज रोडनं पुढं आडबाजूला न्यायची. मला वाटायचं असंच शिकवत असतील. मग मोठ्या जावेनं सांगितलं की अगं त्या गाडीला त्याच्या बाजूलाही क्लच-ब्रेक असतो, गाडी सांभाळायला त्याला तुझा हात धरायची काय गरज, गिअर तोंडानं सांगता येतो. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. नवऱ्याला सांगितलं असतं तर त्यानं जाऊन भांडण केलं असतं आणि मला म्हणाला असता बास झालं शिकणं. म्हणून गप्प बसून दुसऱ्या बाईला सोबत न्यायला लागले, मागच्या सीटवर. लायसन मिळालं पण फीचे पैसे देऊन वर ही शिक्षा कशाला?

कोरेगाव_लोकल

विषय महत्त्वाचा आहे, मान्य. पण एक बाजू मांडतो, रागावू नका. शिकवणाऱ्याचंही नाव जातं. लहान गावात एकदा नाव झालं की ते पुसलं जात नाही. कुणी मार्क कमी दिले, फी मागितली म्हणून खोटी तक्रार केली तर? आणि तुम्ही चौकशीच्या आधीच सरांना बॅचवरनं काढलं, हे बरोबर आहे का?

शाहूनगरी (धागाकर्ती)

दादा, त्यांना नोकरीवरनं काढलं नाही, मानधन चालू आहे, दुसरी पुरुषांची बॅच त्यांच्याकडं आहे. फक्त ती बाई आणि ते एका खोलीत नकोत एवढंच केलं. मेसेज मी स्वतः बघितलेत.

मिरजेची_वकील

थोडं कायद्याचं सांगते, मी ह्या कामात आहे.

पहिलं म्हणजे 2013 चा कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा, ज्याला सगळे पॉश म्हणतात, तो फक्त ऑफिसातल्या नोकरदार बायकांसाठी आहे असा गैरसमज आहे. त्यात शिक्षण देणाऱ्या, धंदेशिक्षण देणाऱ्या खाजगी संस्थाही कामाचं ठिकाण म्हणून येतात, आणि तक्रार करणारी बाई तिथं नोकरीला असलीच पाहिजे असं नाही, कुठल्याही वयाची, नोकरी करणारी असो नसो. म्हणजे शिकायला येणारी बाईसुद्धा तक्रार करू शकते. शिकवणारा पगारी असो, मानधनावर असो की फुकट स्वयंसेवक असो, तोही त्यात बसतो. हे नीट लक्षात ठेवा कारण अशा मंडळांमध्ये "ते काय आमचे कर्मचारी नाहीत, सेवा म्हणून येतात" हे पहिलं उत्तर असतं.

दहा किंवा जास्त लोक काम करत असतील तर संस्थेनं स्वतःची अंतर्गत समिती करायलाच पाहिजे. अध्यक्ष बाईच, एकूण सदस्यांत निम्म्या तरी बायका, आणि एक सदस्य बाहेरची, ह्या विषयात काम करणाऱ्या संस्थेतली किंवा विषयाची माहिती असलेली. समिती केलीच नाही तर संस्थाचालकाला 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. माणसं मोजताना झाडू मारणाऱ्या मावशी, मानधनावरचे, स्वयंसेवक सगळे धरा, बऱ्याच जणांचा आकडा तिथंच दहाच्या वर जातो. दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल (ड्रायव्हिंग स्कूल, छोट्या अकॅडमीत हेच असतं), तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तिच्याकडं जायचं. जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडं विचारा. तिथं "अशी समिती माहिती नाही" असं तोंडी उत्तर मिळालं तर अर्ज देऊन पोच घ्या, सुप्रीम कोर्टानं डिसेंबर 2024 मध्ये ह्या समित्या आणि जिल्हा अधिकाऱ्यांच्या नेमणुकांबद्दल राज्यांना स्पष्ट आदेश दिलेत.

तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांत. एकामागून एक घटना असतील तर शेवटच्या घटनेपासून मोजायचे. सबळ कारण असेल तर समिती अजून तीन महिने वाढवून देऊ शकते. बाईला लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचं काम आहे. आणि काही कारणानं ती स्वतः तक्रार देऊ शकत नसेल तर घटना माहीत असलेली दुसरी व्यक्ती तिच्या लेखी संमतीनं देऊ शकते.

कोरेगावच्या दादांना: चौकशी चालू असताना दोघांना वेगळं ठेवण्याची सोय कायद्यातच आहे, त्यामुळं शाहूनगरी ताईंनी जे केलं ते योग्यच. फक्त बाईनं समितीकडं लेखी मागणी केली की समिती शिफारस करते, असा त्याचा रस्ता आहे, तो वापरा म्हणजे उद्या कुणी बोट दाखवायला नको. मुद्दाम खोटी तक्रार सिद्ध झाली तर कारवाईची तरतूदही आहे. पण पुरावा कमी पडला म्हणजे तक्रार खोटी, असं धरता येत नाही, हेही त्याच कलमात लिहिलंय. आणि समोरच्यालाही तक्रारीची प्रत मिळते, म्हणणं मांडता येतं, साक्षीदार देता येतात. तुम्हाला ज्याची काळजी वाटते त्या माणसाच्या बाजूनं ही नीट चौकशीच सगळ्यात चांगली, कट्ट्यावरच्या चर्चेपेक्षा.

कोरेगाव_लोकल

हे माहिती नव्हतं मॅडम. चौकशी अशी होणार असेल तर माझी हरकत नाही. धन्यवाद.

अबोली

मी इथं फक्त वाचत असते, आज लिहितेय. मी एका क्लासमधनं निघून आले. क्लासचं नाव सांगणार नाही. लग्नानंतर बारा वर्षांनी पुस्तक हातात घेतलं होतं. तिथल्या एका माणसाचं चाललेलं. मी मालकांना सांगितलं, त्यांनी माझ्यासमोर त्याला बोलावलं आणि म्हणाले, माफी माग. तो म्हणाला सॉरी वहिनी. मालक म्हणाले, झालं ना आता. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला माहीत होतं आणि सगळे माझ्याकडंच बघत होते, त्याच्याकडं कुणीच नाही. तो तिथंच आहे अजून. मी नाही.

मला कुणी विचारलं असतं ना, तुला काय पाहिजे, तर मी म्हटलं असतं, त्याला शिक्षा करा नका करू, पण मला माझी परीक्षा होईपर्यंत शांतपणे बसू द्या. एवढंच पाहिजे होतं.

शाहूनगरी (धागाकर्ती)

अबोली ताई, तुम्ही लिहिलंत ते आमच्या नियमात सगळ्यात वर घालणार आहे. तक्रार आली की पहिला प्रश्न तिला विचारायचा, तुला काय पाहिजे. आणि तुमची दहावी राहिली असेल तर आमच्याकडं या. फीचं बघता येईल, मेसेज करा.

मिरजेची_वकील

अबोलीताईंच्या मालकांनी केलं ते कायद्यात बसत नाही हे ठळक करून सांगते. समेट हा प्रकार आहे, पण तो बाईनं स्वतःहून मागितला तरच, आणि पैशाची देवाणघेवाण करून तर करताच येत नाही. तिला समोरासमोर उभं करून सॉरी म्हणायला लावणं हा समेट नाही. आणि वर्गाला कळलं कसं? तक्रारदाराचं, आरोप असलेल्याचं, साक्षीदारांचं नाव, चौकशीतला मजकूर बाहेर फोडायला कायद्यानं मनाई आहे, फोडणाऱ्याला दंड आहे.

आता तो घरी कळू देऊ नका हा मुद्दा. समितीनं घरच्यांना कळवावं असं कायद्यात कुठंही नाही. सज्ञान बाई आहे, तिच्या नवऱ्याची, सासऱ्याची सही कुणी मागत असेल तर देऊ नका. पत्रव्यवहाराचा पत्ता आणि मोबाईल तिनं सांगितलेला वापरायचा, घरचा लँडलाईन किंवा नवऱ्याचा नंबर नाही. बऱ्याच प्रवेश अर्जांवर पतीचा मोबाईल असा रकाना असतो, तो आधी काढून टाका.

निवृत्त_गुरुजी

मी जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक, हल्ली उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रमात स्वयंसेवक म्हणून प्रौढांना शिकवतो. पंधरा वर्षांवरचे सगळे येतात, प्रत्यक्षात माझ्यासमोर साठी-सत्तरीच्या आज्याच जास्त बसतात. वर्ग कुठं, तर समाजमंदिरात, कुणाच्या ओसरीवर. तिथं कुठली समिती आणि कुठला बोर्ड. म्हणून वरचं स्थानिक समितीचं वाचून बरं वाटलं, हे आम्हा स्वयंसेवकांना प्रशिक्षणातच सांगायला हवं.

सावित्रीबाईंचं नायगाव आपल्याच जिल्ह्यातलं, खंडाळा तालुक्यातलं. पुण्यात शाळेला जाताना लोक त्यांच्या अंगावर शेण टाकायचे म्हणून त्या जास्तीचं लुगडं बरोबर ठेवत, हे आपण पोरांना दर वर्षी 3 जानेवारीला सांगतो. फुले दांपत्यानं 1855 साली कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली तीही प्रौढांचीच. त्या वेळचे त्रास देणारे रस्त्यावरचे होते. आज शिकवणाराच त्रास देत असेल तर आम्ही शिक्षकांनी मान खाली घालायला पाहिजे आणि अशा माणसाला पाठीशी तर मुळीच घालू नये. माझ्याच सहकाऱ्यांबद्दल बोलणं आलं तरी मी हेच म्हणेन.

एक व्यवहारातली गोष्ट सांगतो. अक्षर गिरवताना हात धरायची सवय आम्हाला लहान मुलांमुळं लागलेली असते. मोठ्या माणसाला हात न धरता शिकवता येतं. मी माझ्या वहीवर काढतो, त्या बघून त्यांच्या वहीवर काढतात. माऊसचंही तेच करा. शिकवणाऱ्यानं आपल्या मशीनवर दाखवायचं, किंवा "ताई, हात बाजूला घ्या, मी दाखवतो" म्हणायचं आणि हात निघाल्यावरच माऊसला हात लावायचा.

भरतीवाला

मी पोरगा आहे, पोलीस भरतीची तयारी करतोय, अकॅडमीत राहतो. नाव गाव सांगत नाही. इथं फक्त बायकांचं चाललंय पण आमच्याकडं पण लय काय काय चालतं, ग्राउंडला नवीन पोराला सिनियर रात्री उठवून उठाबशा काढायला लावतात, अंगावरनं, जातीवरनं बोलतात, एकाचा अंघोळ करतानाचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. सर म्हणतात, भरतीत गेल्यावर ह्याच्यापेक्षा जास्त सहन करायचंय. सगळे एकवीस-बावीसचे, मग रडगाणं कुणापुढं गाणार. ह्याला कायदा आहे का काय नाय?

मिरजेची_वकील

आहे, दादा. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा 1999 चा आहे, आणि त्यात शिक्षणसंस्था म्हणजे फक्त कॉलेज नाही, शिकवणी देणारी संस्था, वसतिगृह हेही येतं. लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची. रॅगिंग करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. प्रमुखानं दुर्लक्ष केलं तर तोही त्यात येतो. जातीवरनं बोलणं असेल आणि तो मुलगा अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा वेगळा लागतो. व्हिडिओसाठी cybercrime.gov.in ह्या सरकारी पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात सायबरची तक्रार करता येते. व्हिडिओ पुढं कुणाला पाठवू नका, पण ग्रुपचं नाव, टाकणाऱ्याचा नंबर, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट ठेवा. पॉश कायद्यात तक्रारदार बाईच लागते, हे खरं आहे, म्हणून शाहूनगरी ताई, तुमच्या मंडळाच्या नियमात शिकायला येणारी कुठलीही व्यक्ती असं लिहा.

शाहूनगरी (धागाकर्ती)

लिहिते. भरतीवाल्या भावा, एकटा जाऊ नकोस, ज्याचा व्हिडिओ आहे त्याला विचारून दोघं-तिघं मिळून लेखी द्या आणि पोच घ्या. सर जे बोलतात ना की पुढं ह्याहून जास्त सहन करायचंय, ते मला अजिबात पटत नाही. खाकी घालून उद्या तुमच्याचकडं कुणी बाई तक्रार घेऊन येणार आहे.

हळदीचं_गाव

मॅडम, पुराव्याचं अजून सांगा ना. मी रागाच्या भरात सगळे मेसेज डिलीट केले होते.

मिरजेची_वकील

डिलीट केले म्हणून तक्रार संपत नाही ताई, तुमचं सांगणं हाही पुरावाच आहे, आणि तुम्ही जावेला त्या वेळी सांगितलं होतं, त्या साक्षीदार होऊ शकतात. पण ज्यांच्याकडं मेसेज आहेत त्यांनी: चॅट उडवू नका, स्क्रीनशॉटमध्ये "क्लासचे सर" असं सेव्ह केलेलं नाव नुसतं न येता नंबरही दिसू दे, तारीख दिसू दे. फोन बदलायची वेळ आली तर जुना फोन विकू नका. नवरा फोन बघतो म्हणून ठेवता येत नसेल तर विश्वासातल्या मैत्रिणीला पाठवून ठेवा. वहीत तारीख टाकून दोन ओळी लिहिल्या तरी चालतात. आणि जमलं तर एकदाच स्पष्ट लिहा, "मला क्लासव्यतिरिक्त मेसेज करू नका". त्यानंतरही तो मागं लागला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली पाठलागाचा गुन्हा होतो. छळाचं कलम 75. समितीकडं गेलात म्हणून पोलिसांकडं जाता येत नाही असं नाही, दोन्ही रस्ते बरोबरीनं चालतात, संस्थेनं त्यात मदत करायची असते. पोलिसात असा जबाब महिला अधिकारीच नोंदवते. तातडीचं असेल तर 112, सल्ला पाहिजे असेल तर 181. पण नाही म्हणायची हिंमत झाली नाही म्हणून कुणी स्वतःला दोष देऊ नका, गप्प राहिली म्हणजे चालत होतं असा अर्थ निघत नाही.

कोरेगाव_लोकल

एक सुचवतो. माझी बहीण शिवणक्लास चालवते. तिनं क्लासच्या ग्रुपवर नियम केलाय की शिकवणाऱ्यांनी जे काय सांगायचं ते ग्रुपवरच, वेगळा मेसेज नाही, आणि रात्री आठनंतर ग्रुप बंद. शंका असेल तर बाई फोन करणार, शिकवणारा नाही. क्लास सुटल्यावर एकीला थांबवायचं नाही, थांबायचंच असेल तर दार उघडं आणि दुसरी कोणीतरी बसलेली. हे सगळ्यांना आधीच सांगितलं की चांगल्या शिक्षकालाही बरं पडतं, संशय नको.

शाहूनगरी (धागाकर्ती)

ग्रुपवरचे नंबर मात्र सगळ्यांना दिसतात, तिथनंच आमच्या सरांना नंबर मिळाला होता. आम्ही आता ग्रुप फक्त ॲडमिननं लिहायचा केलाय आणि शिकवणारे त्यात नाहीत, सूचना ऑफिसमधल्या ताई टाकतात.

मंडळाची माणसं मोजली, स्वयंसेवक धरून दहाच्या वर गेली, म्हणजे समिती करावीच लागणार. बैठक रविवारी आहे. बाहेरची सदस्य म्हणून कराड-सातारा भागात ह्या विषयात काम केलेल्या कुणी असतील तर मला मेसेज करा, प्रवासखर्च देऊ. भिंतीवर लावायला मजकूर केलाय, बघून सांगा:

"इथं शिकायला येणाऱ्या कुणालाही कुणी बोलून, हात लावून, मेसेज करून त्रास दिला तर समितीतल्या ताईंना सांगा. तुमचं नाव बाहेर जाणार नाही. तुमच्या घरी कळवलं जाणार नाही. तुमची बॅच बदलली जाणार नाही. लिहिता येत नसेल तर आम्ही लिहून घेऊ, वाचून दाखवू, मग सही किंवा अंगठा."

खाली समितीतल्यांची नावं आणि दोन नंबर, स्थानिक समितीचा पत्ता.

अबोली

मजकूर चांगला आहे ताई. पण ऑफिसच्या भिंतीवर सगळ्यांदेखत उभं राहून कुणी वाचणार नाही, कोण वाचतंय हे लगेच दिसतं. एक कागद बायकांच्या बाथरूमच्या दाराला आतल्या बाजूनं लावा. आणि अक्षर मोठं ठेवा, नवीन वाचायला शिकलेल्यांना बारीक अक्षर लागत नाही.

निवृत्त_गुरुजी

आणि वर्गाच्या पहिल्या दिवशी तो मोठ्यानं वाचून दाखवा, शिकवणाऱ्यांसमोरच. ज्यांना अजून वाचता येत नाही त्यांच्यापर्यंत कागद पोचणार नाही.

शाहूनगरी (धागाकर्ती)

दोन्ही करते. गुरुजी, पहिल्या दिवशी वाचून दाखवायला तुम्हीच याल का? पुरुष शिक्षकानं वाचलं तर आमच्या बाकीच्या सरांवर जास्त परिणाम होईल.

निवृत्त_गुरुजी

येतो. वेळ कळवा.